काचबिंदूचा थेंब डोळ्यात जातो का, आणि गेला तर तिथेच राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. रात्री झोपताना लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब. सकाळी आणि संध्याकाळी टिमोलॉल व डोर्झोलामाइड एकत्र असलेल्या औषधाचा एकेक थेंब. बीपीसाठी मेटोप्रोलॉलची गोळी आधीपासून चालू आहे. काही आठवड्यांपासून जिना चढताना त्यांना दम लागतो, डोळे लाल असतात, थेंब टाकला की तोंड कडू होतं. वर्ष झालं तरी नजर काही सुधारली नाही, मग हा खटाटोप कशाला, असं त्यांचं म्हणणं. लाली जावी म्हणून मेडिकलमधून आणखी एक थेंबांची बाटली आणली आहे. मुलगी विचारते आहे, थेंब थोडे दिवस बंद ठेवले तर चालतील का?

आधी दमाचं बोलू, बाकीचं नंतर. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे आणि बाबांची बीपीची गोळीही त्याच गटातली. टिमोलॉलने हृदयाचे ठोके मंदावू शकतात आणि श्वासनलिका आकसू शकतात. दमा असलेल्या माणसाला ते द्यायचंच नसतं. ज्यांना पूर्वी कधी दमा नव्हता, पण वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढली आहे किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केला आहे, त्यांनाही कधी कधी याच थेंबाने धाप लागायला सुरुवात होते. म्हणून आजच दोन गोष्टी करा. बाबांना स्वस्थ बसवून मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि त्यांच्या नेत्रतज्ज्ञांना फोन करून दम, नाडीचा आकडा आणि मेटोप्रोलॉलचं नाव, तिन्ही सांगा. नाडी ५०च्या खाली असेल, चक्कर येत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा बसल्या जागीही धाप लागत असेल, तर टिमोलॉलच्या बाटलीचा पुढचा थेंब टाकू नका. त्यांना सरळ रुग्णालयात न्या आणि सगळ्या बाटल्या व गोळ्या पिशवीत घालून बरोबर घ्या. मात्र मेटोप्रोलॉल स्वतःच्या मनाने तोडू नका; ती गोळी एकदम बंद केली तर हृदयाला त्रास होऊ शकतो. दम थेंबामुळेच आहे असं मी इथून म्हणू शकत नाही. ७२व्या वर्षी हृदय, फुप्फुसं, रक्तातलं हिमोग्लोबिन, सगळंच तपासावं लागतं. पण तपासणाऱ्या फिजिशियनला डोळ्यातल्या थेंबाबद्दल कोणी सांगितलंच नाही, तर त्याचा विचार त्यांच्या मनात येणं अवघड आहे.

डोळ्यात टाकलेलं औषध छातीपर्यंत जातं कसं? पापण्यांच्या कडेला, नाकाजवळच्या कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात. अश्रू तिथून नाकात उतरतात. रडू आलं की नाक वाहतं ते म्हणूनच. थेंबही त्याच वाटेने जातो. नाकाच्या आतल्या ओल्या त्वचेतून औषध भराभर रक्तात शिरतं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग निकामी होतो. नाकातून गेलेल्या थेंबाला ती चाळणी लागतच नाही. त्यामुळे ०.५ टक्के टिमोलॉलचा छोटासा थेंब दिसतो त्यापेक्षा बराच जोरकस असतो.

आता बाबांचं तोंड का कडू होतं ते लक्षात येईल. डोर्झोलामाइड कडू असतं आणि नाकातून घशात उतरलं की जिभेला कळतं. म्हणजे थेंब डोळ्यात थांबत नाही, खाली वाहून जातो आहे, आणि त्याच बाटलीतलं टिमोलॉलही त्याच्याबरोबर जातं आहे. तक्रारी दोन वाटतात, पण मुळात दोन्ही एकच असण्याची शक्यता आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला मी माझ्यासमोर थेंब टाकून दाखवायला सांगतो. औषध लागू पडत नाही म्हणून पाठवलेल्या कितीतरी जणांचा थेंब गालावर पडत असतो, पापणीवर पडत असतो, किंवा डोळ्यात पडल्याबरोबर ते चारपाच वेळा जोरात डोळे मिचकावतात आणि औषध नाकात ढकलून देतात. अशा वेळी बाटली बदलून काही उपयोग नसतो.

तर थेंब टाकायचा कसा, ते नीट सांगतो. हात साबणाने धुवायचे. खुर्चीत मान मागे टाकून बसायचं; तोल जात असेल किंवा हात कापत असेल तर सरळ पलंगावर आडवं व्हायचं. एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढायची, म्हणजे पापणी आणि डोळ्याच्या मध्ये छोटा खिसा तयार होतो. नजर छताकडे लावायची आणि त्या खिशात एक थेंब सोडायचा. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना किंवा बोटाला लागू द्यायचं नाही. लागलं तर तिथले जंतू बाटलीत जातात आणि पुढे महिनाभर तेच डोळ्यात पडत राहतात. थेंब पडला की पापणी सोडायची आणि डोळा अलगद मिटायचा, आवळायचा नाही. मग तर्जनीचं टोक नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवून हलका दाब द्यायचा आणि दोन ते तीन मिनिटं तसंच राहायचं. बाहेर ओघळलेलं औषध स्वच्छ कापसाने टिपून घ्यायचं, नाहीतर लॅटानोप्रॉस्टसारख्या औषधाने पापणीची त्वचा काळवंडते. पुढचं औषध किमान पाच मिनिटांनी. लगेच टाकलं तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. डोळ्यात मलमही घालायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. ब्रिन्झोलामाइडसारखं दुधाळ औषध दर वेळी नीट हलवून घ्यायचं, कारण औषध तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं.

ही कोपरा दाबायची दोन-तीन मिनिटंच सगळ्यात जास्त टाळली जातात, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह त्यांच्यासाठीच असतो. त्या दाबाने नाकाकडची वाट बंद होते. रक्तात जाणारं औषध खूप कमी होतं आणि डोळ्यात राहणारं वाढतं. याला ना पैसा लागतो, ना नवं औषध.

एका वेळी एकच थेंब. डोळ्याच्या खिशात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण तेवढाच किंवा त्याहून मोठा असतो. दोन टाकले तर दुसरा गालावर जातो नाहीतर नाकात. पण पहिला बाहेर पडल्याची खात्री असेल तर पुन्हा टाकायला हरकत नाही. एकट्याने राहणाऱ्या आजी-आजोबांना मी आणखी एक पद्धत शिकवतो: आडवं होऊन डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर थेंब सोडायचा, मग डोळा उघडायचा, थेंब आपसूक आत सरकतो. मिटल्या पापणीवर औषध पडणार असल्याने आधी चेहरा स्वच्छ धुतलेला हवा. पण तुमच्यासारखं कोणी घरात असेल तर निदान सकाळचा थेंब तुम्हीच टाकावा हे उत्तम.

बाटली किती दिवस पुरते हेही पाहा. लॅटानोप्रॉस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक, म्हणजे महिन्याला ६०. बाटली पंधरा दिवसांत संपली तर थेंब बाहेर सांडताहेत, आणि दोन-अडीच महिने पुरली तर टाकायचे राहून जाताहेत. बाटली फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा. बहुतेक थेंब उघडल्यापासून महिनाभरात संपवायचे किंवा टाकून द्यायचे असतात. मूळ लॅटानोप्रॉस्टला सहा आठवड्यांची मुदत असते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावी लागते, फ्रीझरमध्ये नाही. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते असं लिहिलेलं असतं, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात घरातलं तापमान २५ कुठलं? तिथे उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच बरी. काही कंपन्यांची बाटली साध्या तापमानाला टिकेल अशी बनवलेली असते, तेव्हा खोका फेकण्याआधी वाचा. एसटीच्या प्रवासात एक-दोन दिवस बाहेर राहिली म्हणून औषध लगेच वाया जात नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नका.

आता बाबांचा खरा प्रश्न. नजर सुधारत नाही, मग थेंब कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना त्याचं सरळ उत्तर मिळायला हवं, कारण ते न मिळाल्यामुळेच लोक औषध सोडतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, आणि झिजलेला भाग कुठल्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत येत नाही. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी अवस्था झाली की आतला दाब वाढतो आणि नसेवर ताण येतो. टिमोलॉल आणि डोर्झोलामाइड नळ बारीक करतात, लॅटानोप्रॉस्ट पाण्याला दुसरी वाट मोकळी करून देतं. हा दाब बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. तो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर असतो, पण २१च्या आत आला म्हणजे झालं असं नाही. काही जणांची नस १६ ला पण झिजते. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी डॉक्टर वेगळा आकडा ठरवतात. बाबांसाठी कोणता ठरवला आहे ते विचारा आणि फाईलवर लिहून घ्या. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की दाब एका मिलिमीटरने कमी झाला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. थेंबांचं काम आहे ते हे. आज दिसतं आहे ते पाच वर्षांनीही दिसत राहणं हाच त्यांचा गुण, आणि तो आरशात दिसत नाही. फील्ड टेस्ट (कडेची नजर किती आहे ते पाहणारी तपासणी) आणि ओसीटी (नसेची जाडी मोजणारं स्कॅन) यांच्या कागदांवर दिसतो. ते कागद बाबांना दाखवून समजावून द्या म्हणून डॉक्टरांना सांगा. मी पाहिलं आहे, मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा कागद शेजारी ठेवून दाखवला की थेंबांशी भांडण बरंच कमी होतं.

थेंब सोडले तर दुखणार नाही, आणि पंचाईत हीच आहे. दाब हळूहळू वाढतो, आधी कडेची नजर जाते, समोरचं वाचता येत असतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. पुष्कळ जण तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस नेमाने थेंब टाकतात. त्या दिवशी आकडा छान येतो, नस मात्र झिजतच असते. उलटही होतं: थेंब टाकलेच जात नाहीत, आकडा जास्त येतो, डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतं आहे, आणि तिसरं औषध वाढतं. तेव्हा महिन्यात किती वेळा चुकलं ते डॉक्टरांना खरं खरं सांगा. ते रागावले तर रागावू देत, पण सांगा. तपासणीच्या दिवशीही सकाळचा थेंब नेहमीप्रमाणे टाकूनच जायचं. एखादा चुकला तर आठवेल तेव्हा टाका. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. लॅटानोप्रॉस्ट दिवसातून एकदाच. भरपाई म्हणून दोनदा टाकलं तर परिणाम वाढत नाही, उलट घटतो. एकादशीच्या उपासाला औषध नको असं काही जणांच्या मनात असतं. डोळ्यातला थेंब म्हणजे खाणंपिणं नव्हे, असं मी सांगतो. रोजे ठेवणाऱ्यांना शंका असेल तर रात्रीचा थेंब इफ्तारनंतरच येतो आणि दोन वेळचं औषध सहरीला व इफ्तारला बसवता येतं.

आता ती मेडिकलमधून आणलेली बाटली, कारण मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. तिच्या लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही नाव आहे का ते बघा. ही स्टेरॉइड आहेत. लाली आणि खाज दोन दिवसांत पळवतात, म्हणून लोकांना ती आवडतात. पण आठवड्यांमागून आठवडे टाकली तर डोळ्याचा दाब चढतो, आणि ज्याला आधीच काचबिंदू आहे त्याचा चढण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे एका बाटलीने दाब उतरवायचा आणि दुसरीने चढवायचा, असं होतं. स्टेरॉइड निघालं तर आज डॉक्टरांना फोन कराल तेव्हा तेही सांगा आणि त्या बाटलीचा पुढचा थेंब टाकू नका. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल आणि सर्जननी ते लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ते ठरल्याप्रमाणे घ्यायचं आणि हळूहळू कमी करायचं असतं.

हे लिहिताना लहान मुलं डोळ्यांसमोर येतात. मराठवाड्या-विदर्भाच्या उन्हाळ्यात डोळे खाजून लाल होणारी, सतत चोळणारी मुलं दर वर्षी येतात. एकदा कोणीतरी स्टेरॉइडचे थेंब लिहून दिलेले असतात, ते लागू पडतात, आणि मग जुनी चिठ्ठी किंवा नुसती रिकामी बाटली दाखवून आई दर वर्षी तेच आणत राहते. तिचा हेतू लेकराचा त्रास कमी व्हावा एवढाच. बारा-चौदा वर्षांचं पोर फळ्यावरचं दिसत नाही म्हणून येतं आणि नस निम्म्याहून जास्त गेलेली असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायची कायद्याने परवानगी नाही. दुकानदाराने दिलं तरी आपण घेऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

बाबांची लाली कशाची, ते तपासूनच कळेल. लॅटानोप्रॉस्टने सुरुवातीच्या आठवड्यांत थोडी लाली येते आणि बहुधा ओसरते. पापण्यांचे केस लांब होतात, काहींची बुबुळं गडद होतात. डोर्झोलामाइड झोंबतं. ब्रिमोनिडिन हे आणखी एक नेहमीचं औषध. ते महिनोन्महिने सोसल्यावर एकाएकी अॅलर्जी करू शकतं, शिवाय तोंड कोरडं पडतं आणि झोप येते. ते तान्ह्या बाळांना कधीही द्यायचं नाही, श्वास मंदावू शकतो. नातवंडांच्या हाताला बाटली लागू देऊ नका. लालीचं कारण औषध नसून बाटलीतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठी घातलेलं द्रव्यही असू शकतं. तसं असेल तर त्याविना मिळणारे थेंब डॉक्टर देऊ शकतात. एवढे पर्याय असताना त्रास सोसत बसायचं किंवा औषध सोडायचं, या दोन्हींची गरज नाही.

डोळ्यात गुलाबपाणी, मध, तूप असलं काहीही घालू नका. ते निर्जंतुक नसतं. थेंबांची बाटली कानाच्या थेंबांच्या, चामखिळीच्या औषधाच्या किंवा झटपट चिकटवणाऱ्या गोंदाच्या बाटलीशेजारी ठेवू नका. तो गोंद डोळ्यात घालून आलेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांना अनोळखी नाहीत. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो. बाटलीला मोठ्या अक्षरात ‘सकाळ-संध्याकाळ’ आणि ‘रात्री’ अशी चिठ्ठी चिकटवा. शीर्षासन करत असतील तर थांबवा. त्या आसनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. सकाळी उठल्याबरोबर लिटरभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर ते थोडं थोडं करून प्यावं.

एकाएकी डोळा भयंकर दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, नजर धुरकटली, डोकं दुखून उलट्या झाल्या, तर तो वेगळा प्रकार असू शकतो. पाणी जाण्याचा मार्ग अचानक पूर्ण बंद झालेला असतो. पित्त झालं म्हणून सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री डोळ्यांच्या रुग्णालयात पोहोचा.

टिमोलॉल बाबांना चालणार नाही असं ठरलं तरी घाबरू नका. डोर्झोलामाइड एकटंही मिळतं. एसएलटी नावाचा लेझर आहे, पाणी बाहेर जाणाऱ्या जाळीवर मारतात म्हणजे पाणी सहज जातं; ओपीडीत काही मिनिटांत होतो. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीलाच हा लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. बाबांच्या प्रकारच्या काचबिंदूला तो योग्य आहे का, हे पाणी जाण्याचा कोन तपासून डॉक्टर सांगतील. खर्चाची अडचण असेल तर तीही स्पष्ट बोला. त्याच औषधाचं जेनेरिक मिळू शकतं. जनऔषधी केंद्रात विचारा. परवडत नाही म्हणून गुपचूप एक दिवसाआड थेंब टाकणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो.

आणि तुमचं स्वतःचं. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला होण्याचा धोका इतरांहून कितीतरी पट जास्त असतो. तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल, तर बाबांच्या पुढच्या तपासणीलाच स्वतःच्याही डोळ्यांचा दाब आणि नस पाहून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या नंबरच्या तपासणीत हे कळत नाही. काका आणि आत्यांनाही कळवा. सख्ख्या भावंडांना सगळ्यात आधी.